भिंतीतून ऐकलेले सिनेमे

प्रिय सूनबाई,

हा शब्द आता चालतो की नाही, मला ठाऊक नाही. वकिलांच्या कागदांत त्याला जागा नव्हती. पण नुसतं नाव लिहिलं तर बँकेचं पत्र वाटतं, आणि 'मुली' असं लिहायला मी तुझ्या वडिलांना विचारलेलं नाही. तेव्हा जुनंच चालू ठेवतो. पत्ता तू टपाल पुढे पाठवायला दिला होतास तोच. आजवर त्यावर दुसऱ्यांची पाकिटं रवाना केली. हे पहिलंच माझं.

आधी बातमी. चिरंजीव पुन्हा लग्न करताहेत. तुला कुणाकडून तरी कळलं असेल, माझ्याकडूनही कळावं. मुलगी चांगली आहे. मोठ्याने बोलते. पहिल्यांदा घरी आली तेव्हा इकडेतिकडे पाहून म्हणाली, 'बाबा, तुमच्याकडे एवढं शांत कसं हो? कुणी गेलंय की काय?' मग तुझ्या सासूबाईंचा भिंतीवरचा फोटो दिसला आणि तिने जीभ चावली. मला ती तिथेच आवडली. घरात बोलणारं माणूस आलं तर चिरंजीवही दोन शब्द बोलायला लागतील. तुमच्या वेळी तुम्ही दोघंही इतके सभ्य होतात, की दाराशी 'आधी तू, आधी तू' करत दोघंही बाहेरच राहिलात.

त्यांना मोठी खोली हवी आहे. म्हणून मागची खोली, म्हणजे तुझी, आणि माझी कामाची खोली, यांच्यामधली भिंत पाडायची ठरली आहे. गवंडी येऊन गेला. बोटाने टकटक करून म्हणाला, 'काका, ही भिंत नव्हेच, पुठ्ठा आहे नुसता. अर्ध्या दिवसाचं काम.' मी म्हटलं, मला माहीत आहे. माझं टेबल आता पुढे खिडकीशी जाईल. हरकत नाही, काम तरी किती राहिलंय. हल्ली दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात यंत्र फिरवतात आणि दुसरं यंत्र कवळी बनवून देतं. माझ्याकडे डॉक्टर पाठवतात ती त्या म्हाताऱ्यांची कामं, ज्यांना माझ्या हातच्या दातांची सवय आहे. आणि ते एकेक करून कमी होत आहेत. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्यांचे जबडे मला पाठ आहेत.

मागच्या खोलीच्या कपाटात तुझं खोकं आहे. जपानी कार्टूनच्या डीव्हीड्यांचं. जाताना तू ते आणि तो प्लेअर ठेवून गेलीस. 'राहू दे बाबा, तुम्हाला होईल' म्हणालीस. मला वाटलं, टॅक्सीत जागा नसेल. चिरंजीव म्हणाले, 'ते कार्टूनचं खोकं टाकून द्या ना.' टाकतो म्हणालो. अजून टाकलेलं नाही. सोमवारी गवंडी येईल, त्याच्या आत त्याचं काय ते ठरायला हवं. ते मी एकट्याने ठरवू शकत नाही, कारण त्यातले एक सोडून सगळे सिनेमे मी आता पाहिले आहेत.

हो, मीच. तू कितीदा म्हणाली होतीस, 'बघा तरी बाबा, जुने आहेत, एकेक चित्र हाताने रंगवलेलं आहे.' आणि मी दर वेळी मेणाने माखलेले हात वर करून दाखवायचो. खरं तर मला वाटायचं की ते लहान मुलांचं काहीतरी, आणि घरात लहान मूल नाही, तर तो विषय न काढलेला बरा.

पण पाहिले नव्हते म्हणून माहीत नव्हते असं नाही. सकाळी माझी पॉलिशची मोटर चालायची. तिच्यापुढे दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नसे. जेवणं झाली की तू तुझ्या खोलीत जायचीस आणि मी मेणकामाला बसायचो. दिव्यावर सुरी तापवायची, मेण वितळवायचं, दात बसवायचा, केसभर फिरवायचा, लांब धरून पाहायचा. या कामाला आवाज नाही. मला त्रास नको म्हणून तू सिनेमाचा आवाज बारीक ठेवायचीस. बारीक आवाज माणूस जास्त लक्ष देऊन ऐकतो, हे तुझ्या लक्षात आलं नसावं. भाषेचं एक अक्षर कळत नसे. पण तेच तेच सिनेमे तू पुन्हा पुन्हा लावायचीस, आणि मला ते पाठ होत गेले. आता बादली पडणार. आता म्हातारा खोकणार. आता ते गाणं, जे मध्येच तुटतं. मी त्यांना नावं ठेवली होती. एक तळणीचा सिनेमा, कारण त्यात कुणीतरी सारखं काहीतरी तळत असायचं. एक सुताराचा. एक नुसत्या वाऱ्याचा, त्यात माणसं फार कमी बोलायची. आणि एक रडका.

रडका तुला आठवत असेल. त्यात यंत्रं चालायची, खडाडखट खडाडखट, पुष्कळ वेळ, आणि त्या खडखडाटाखाली एक बाई रडायची. मोठ्याने नाही. तोंडावर हात दाबून रडतात तशी. एकदा जेवताना मी म्हणालो, 'तुझी ती बाई आज फारच रडली ग.' चिरंजीवांनी मान वर केली, 'कोण बाई?' तू पेल्यांत पाणी ओतत होतीस. म्हणालीस, 'सिनेमातली. तिला आवडतं हो रडायला.' तिघेही हसलो. त्या टेबलावर तिघेही एकाच वेळी हसल्याचे प्रसंग फार नाहीत, म्हणून मी तो विनोद धरून ठेवला. 'आज बाईचं काय?' असं विचारायचो. तू कधी 'आज सुट्टी' म्हणायचीस, कधी 'आज अगदी थोडंसं, बाबा.'

तू गेल्यावर दुपारी काय करायचं, असा प्रश्न मला पडेल असं वाटलं नव्हतं. काम तेच, टेबल तेच, सुरी तीच. पण मेण बिघडायला लागलं. हात थांबायचे आणि कान पुढे जायचे. पलीकडे काही नसायचं. शेवटी एके दिवशी मी तुझ्या खोलीत गेलो, खोक्यातली हाताला लागेल ती डीव्हीडी घातली, बटणं दाबून सुरू केली, आणि परत येऊन माझ्या टेबलाशी बसलो. हसू नकोस. रिकाम्या खोलीत सिनेमा लावून मी भिंतीच्या या बाजूला दात बसवत होतो. बादली पडली. म्हातारा खोकला. काम चांगलं झालं. असं बरेच दिवस चाललं. चिरंजीव फिरतीवर असायचे, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

मग एकदा तळणीचा सिनेमा अडकला. एकच आवाज, चर्र, चर्र, चर्र, थांबेना. हातातलं टाकून बंद करायला गेलो. पडद्यावर समुद्र होता. मी कुठलंतरी बटण दाबलं आणि तो पुढे चालू लागला. लाट किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून परत जात होती, आणि हजारो गोटे एकमेकांवर घासत होते. चर्र. इतकी वर्षं मी ज्याला तळण समजत होतो ते हे. मी उभाच राहिलो. मग एक लहान मुलगी आली आणि हातांचा भोंगा करून ओरडली. तो आवाज मला ओळखीचा होता. मला वाटायचं, कुणीतरी भांडतंय. ती भांडत नव्हती. लांब एक होडी होती, होडीत तिचा बाप होता, आणि ती त्याला नुसती हाक मारत होती. त्याला ऐकू जात नव्हतं. मी तुझ्या खाटेच्या कडेला बसलो. सिनेमा संपला तेव्हा टेबलावरचं मेण दगड झालं होतं आणि दिवा जळून विझला होता.

तेव्हापासून कामाची वेळ बदलली. दुपारी सिनेमा, काम नंतर. खाली येणारी अक्षरं मला तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत, म्हणून वाचत नाही. गरज पडली नाही. सुताराच्या सिनेमात सुतार नाहीच. ती टकटक म्हणजे एक बाई पहाटे भाजी चिरते ती. घरातले सगळे झोपलेले आहेत, तिच्याकडे कुणी पाहत नाही, गोष्ट काही पुढे सरकत नाही, आणि तरी चित्रकाराने तिचं सगळं चिरणं दाखवलं आहे. शेवटी ती सुरीच्या पाठीने भाजी एका बाजूला सारते आणि क्षणभर थांबून बाहेर पाहते. बस. हे कुणीतरी बसून काढलं. एकेक चित्र. हात किंचित पुढे, पुन्हा किंचित पुढे. ज्याने काढलं तो माझ्यासारखाच पाठीला पोक काढून बसलेला असणार.

माझ्या धंद्याची मात्र त्यांनी थट्टा केली आहे. कुणाला सुटे दात नाहीत. एक पांढरी पट्टी ओढली की झाले बत्तीस. आम्ही इथे एकेक लावत बसतो. बोलताना ओठसुद्धा दोन-तीनच आकार घेतात, उघडा, अर्धा, मिटलेला. पहिल्यांदा मला ते फार खटकलं. आणि मग त्या समुद्राच्या सिनेमातल्या मुलीने फळाचा चावा घेतला आणि तिचा डावा गाल फुगला. फक्त डावा. ती डावीकडून चावते. पुढे तिला भाकरीचा तुकडा मिळतो, तो पण डावीकडूनच. मी थांबवून पुन्हा पाहिलं. सुटे दात न काढणाऱ्या चित्रकाराला ती कुठल्या बाजूने चावते हे माहीत होतं. दात अगदी सरळ रेषेत लावले तर कवळी लगेच ओळखू येते, म्हणून मी एखादा मुद्दाम जरासा वाकडा लावतो. त्या चित्रांतल्या रेषाही तशाच, नीट पाहिलं तर किंचित थरथरतात. म्हणून ती माणसं जिवंत वाटतात. मला इतका आनंद झाला की मी मान वळवून म्हणालो, 'पाहिलंस का?' खाटेवर शेजारी गादीच होती.

कुणाला तरी सांगावं म्हणून डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, 'या वयात कार्टून? बरोबर आहे, दात पडले की माणूस पुन्हा बाळ होतो. माझ्या पेशंटची खालची कवळी कुठवर आली ते सांगा.' चिरंजीवांना सांगायचं ठरवलं होतं. पण ते दमून आले, आणि मी सुरुवात कुठून करावी ते जुळवेपर्यंत ते झोपायला गेले. तेव्हा कळलं की सिनेमा आवडणं ही दोन माणसांची गोष्ट आहे. एकट्याला आवडला की तो अंगावरच राहतो. तुझ्यावरही तसा राहिला असेल. तू 'बघा तरी बाबा' म्हणायचीस, ते सिनेमाबद्दल नव्हतंच बहुधा.

रडका सिनेमा मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्या बाईवर काय गुदरलंय ते मला बघायचं नव्हतं. इतर ओळखीचे सगळे झाले. मग गवंडी येऊन भिंत वाजवून गेला, आणि मला वाटलं, भिंत आहे तोवर तो बघून टाकावा. परवा दुपारी लावला.

गावातली एक पोर कापडगिरणीत कामाला लागते. मोठी लांब शेड, मागांच्या रांगा. माग सुरू झाले, खडाडखट खडाडखट, आणि मी उशी जवळ ओढून बसलो. आता रडणार. ती पोर समोरच्या मागावरच्या मैत्रिणीशी बोलू पाहते. आवाजामुळे ऐकू जात नाही, म्हणून दोघी तोंडं वेडीवाकडी करून, हातवारे करून बोलतात. मैत्रीण मुकादमाची नक्कल करते. पोर हसता हसता धागा तोडते. मग भोंगा होतो, माग थांबतात, दोघी बाहेर उन्हात जातात. एवढंच. फार छोटा प्रसंग आहे.

मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मागे नेऊन पाहिला. आवाज वाढवून पाहिला. मग शेवटपर्यंत पाहिला. कदाचित माग पुन्हा येत असतील. येत नाहीत. त्या सिनेमात कुणीही रडत नाही. निरोप घेतानासुद्धा ती पोर फक्त हात वर करते. मी तो गिरणीचा प्रसंग पुन्हा सुरू केला, खोलीबाहेर आलो, माझ्या टेबलाशी जाऊन बसलो आणि भिंतीकडे कान केला. माग चालले. थांबले. त्यांच्याखाली काही नव्हतं. आणि मला आठवत होतं की ते माग किती वेळ चालायचे. दात बसवून व्हायचा, दुसरा व्हायचा, तरी चालू असायचे. मला वाटायचं, काय लांबलचक सिनेमा आहे. म्हणजे तू तेवढाच भाग पुन्हा पुन्हा मागे नेत होतीस. त्या सगळ्या सिनेमांत तेवढाच एक मोठा आवाज होता.

'तिला आवडतं हो रडायला.' पेल्यांत पाणी ओतत म्हणाली होतीस. पाणी सांडलं नव्हतं.

का रडत होतीस, ते विचारत नाही. ज्याने विचारायचं होतं त्याने विचारलं नाही, आणि मला आता विचारण्याचा हक्क नाही. खोक्याचं म्हणशील तर ते मी सोमवारच्या आत माझ्या पलंगाखाली हलवतो. भिंत पडली तरी त्याला धक्का लागणार नाही. तू म्हणशील तेव्हा पाठवीन; न्यायला आलीस तर जास्त बरं. त्यात एक डीव्हीडी अजून वेष्टनात आहे, तू कधी उघडलीच नव्हतीस. तिचा आवाज मला माहीत नाही. ती मी एकट्याने लावणार नाही.

पण खोक्यासाठी फोन पुरला असता. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. दुपार सरली की मला पुन्हा पॉलिशची मोटर लावायची असे. ती बाई रडत असली की मी ती लावत नसे. सिनेमातल्या बाईची कसली भीड, असं मनाला सांगायचो, तरी बटणावरचा हात मागे यायचा. डॉक्टर फोनवर ओरडायचे, 'अहो, पेशंट बिनदाताचा बसलाय माझ्यासमोर!' मी म्हणायचो, पाच मिनिटं. आणि सुरी खाली ठेवून, हात मांडीवर घेऊन, ती थांबेपर्यंत नुसता बसून राहायचो. मोटर अशा दिवशी उशिरा का सुरू होते, हे तुझ्या कधी ध्यानात आलं का, मला माहीत नाही. तू एकटी नव्हतीस असं मी लिहिणार नाही, एकटीच होतीस. फक्त पुठ्ठ्याच्या पलीकडे एक माणूस काम थांबवून ऐकत बसलेला असे. कुणाचं ऐकतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. सोमवारी ती भिंत जाईल आणि मग ही गोष्ट खरी वाटणार नाही, म्हणून भिंत उभी आहे तोवर तुला कळवतो आहे.

तुझाच,
अजूनही म्हणावंसं वाटलं तर,
बाबा